टाकीवरची बोटं

बोटं बसेनात. विरुपाक्षने हात धोतराच्या सोग्याला कोरडा केला आणि पुन्हा ठेवून पाहिला. फटफटीच्या टाकीवर काळ्या रंगात रुतलेले चार खळगे होते, ओळीने, आणि खाली बाजूला अंगठ्याचा पाचवा. वर्षभर त्याने त्यांना हात लावला नव्हता. अव्वाखेरीज, म्हणजे आईखेरीज, घरात कुणीच लावला नव्हता. आज काचकागदाने टाकी घासता घासता तोल सांभाळायला त्याने सहज डावा हात टेकला आणि हात अडला. त्याची बोटं जाड पडत होती. त्याची जाड पडली म्हणजे शांतलिंगचीही पडायला हवीत, कारण दोघा भावांचे हात एकाच मापाचे, बापाचे. बाप गेल्यावर त्याची अंगठी दोघांनीही घालून बघितली होती. दोघांनाही बेताची बसली, तेव्हा शांतलिंग हसून म्हणाला होता, "आता काय दादा, आठवडा वाटून घ्यायचा का?" अंगठी शेवटी विरुपाक्षकडे राहिली. थोरल्याकडे वस्तू राहतात. ती आता त्याच्या बोटात होती आणि बोट खळग्यात जात नव्हतं. मग हा हात कुणाचा? हातातला कागद बादलीत पडला.

फटफटी शांतलिंगच्या लग्नातली. दुसरी मोठी लढाई संपल्यावर सोलापुरात लष्करी सामानाचे लिलाव झाले, त्यातून जळकोटच्या गुरुसिद्धप्पाने जावयासाठी ही उचलली. घाट चढून ती पहिल्यांदा तुळजापुरात आली तेव्हा पुजारी ओसरीवर येऊन बघत राहिले होते. आता तोच गुरुसिद्धप्पा बुधवारी लेकीला न्यायला येणार होता. आळंदच्या बाजूला त्याने एक बिजवर बघून ठेवला होता. नागम्माची उडकी लावायची. लिंगायतात विधवेचं लग्न लागतं, त्यात वावगं काही नाही, आणि विशी-एकविशीतल्या पोरीने जन्म काय असाच काढायचा? विरुपाक्षला हे सगळं पटत होतं. पण उडकी लागायची तर पहिला नवरा गेलेला असावा लागतो, आणि शांतलिंग गेला असं या घरात अजून कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. ते म्हणायचं अव्वाने. ती म्हणत नव्हती. गुरुसिद्धप्पा मागे एकदा येऊन हात हलवत परत गेला होता. जाताना पायरीवर उभा राहून म्हणाला, "विहीणबाईंनी सांगितल्याबिगर म्या लेक उठवून न्हेणार न्हाय. पर आता एकच डाव यीन. फुडं तुमचं तुमी बघा." तो गोड बोलणारा माणूस नव्हता, आणि बोलला तसं करणारा होता. बुधवारी अव्वा गप्प राहिली तर नागम्मा या परसात भांडी घासत म्हातारी होणार हे विरुपाक्षला स्वच्छ दिसत होतं.

पोरीबरोबर आलेलं पोरीबरोबर जातं, म्हणून त्याने फटफटी घासायला काढली. परत पाठवायची वस्तू तोंडावर मारल्यासारखी पाठवू नये, एवढी अब्रू भुसार दुकानदारालाही असते. चाकांवरचे पत्रे, पुढचा दिवा, पेटी, सगळं त्याने गेल्या काही दिवसांत घासून, पुसून लखलखीत केलं होतं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे दुकान झाकल्यावर त्याला दुसरा उद्योगही नव्हता. अव्वाने ओट्यावरून बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "बाकीचं काय बी कर. टाकीला हात लावायचा न्हाय." तो बरं म्हणाला. अव्वाला बरं म्हणायची त्याला जन्माची सवय. पण सगळी गाडी चकचकीत आणि मधली टाकी तेवढी खरजेल्या कुत्र्यासारखी, हे त्याच्याने बघवेना. आज सोमवार. अव्वा सकाळीच मठात गेली होती, स्वामींचं पुराण संपेपर्यंत ती उठत नाही. तेवढ्यात खळग्यांच्या कडेकडेने घासून घ्यावं, खळगे तसेच ठेवावेत, आणि अव्वाला काही कळू नये, असा त्याचा दुकानदारी हिशेब होता.

रंग शांतलिंगने स्वतः दिला होता, याच परसात, याच लिंबाखाली. निजामाचं राज्य संपायच्या आधीचा श्रावण होता तो. हद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला निजामाशी लढणाऱ्या पोरांचे कॅम्प होते आणि शांतलिंग इकडचे निरोप तिकडे, तिकडचं काहीबाही इकडे करत असे. काय, ते विरुपाक्षने कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "दादा, तू तराजू सांभाळ." नाक्यावरच्यांना खाकी फटफटी लांबून ओळखू यायला लागली, तेव्हा त्याने काळ्या ऑइल पेंटचा डबा आणला आणि एका दिवसात सगळा डबा गाडीवर संपवला. पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा द्यावा, हे त्याला कुणीतरी सांगितलं असणारच. पण ऐकेल तो शांतलिंग कसला. ब्रशचे फराटे, ओघळ, रंगात अडकलेले ब्रशचे केस, सगळं तसंच. त्यात श्रावणाची दमट हवा. रंग वरवर धरला, आतून ओला राहिला. संध्याकाळी निरोप आला आणि तो तसाच बसून गेला. विरुपाक्ष तेव्हा दुकानात कुणाला तरी हरभरे मोजून देत होता. फटफटीचा आवाज घाट उतरताना त्याने ऐकला, मान वर केली नाही. रोजचंच होतं ते.

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, लष्कर आलं, निजाम शरण गेला. कॅम्पातली पोरं गळ्यात हार घालून आली. शांतलिंग आला नाही, फटफटी आली. त्यांच्यातल्याच एकाने ती घाटातून ढकलत आणून दारात लावली आणि म्हणाला, हद्दीजवळ बाभळीखाली सापडली, आसपास कुणी नव्हतं, फार शोधलं. अव्वाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिने एकच विचारलं, "पडल्याली व्हती का हुबी व्हती?" पोरगा गोंधळला. "हुबी व्हती. स्टँडवर." त्या एका शब्दावर अव्वा वर्ष काढत होती. मरणारा माणूस गाडी स्टँडवर लावून मरत नाही. स्टँडवर लावतो तो परत येणारा असतो. या बोलण्यातली खोट विरुपाक्षला कधी काढता आली नाही. रोज संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावताना घाटात फटफट ऐकू यायची. सोलापूरची यात्रेकरूंची मोटार असायची, कधी तीही नसायची, नुसती त्याच्या कानातच काहीतरी वाजायचं. शेवटची फळी हातात धरून तो थांबायचा. मग आत येऊन बघायचा तर फटफटी परसात असायची, आणि ती तिथे असताना रस्त्यावर कशी वाजेल एवढं साधं त्याला दर वेळी नव्याने उमजावं लागायचं. आणि सकाळी अव्वा. आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून ती परसात यायची आणि त्या खळग्यांवर विभूतीची तीन बोटं ओढायची, माणसाच्या कपाळावर ओढावीत तशी. लेकाचा हात तिथे उरलाय म्हणून, असं विरुपाक्ष समजत होता. अव्वाने तसं कधी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काय असणार?

त्याने बादलीतून कागद काढला. तो चपलेच्या जुन्या तळव्याला गुंडाळून घासायचा, सतत पाणी सोडायचं, आणि हात सरळ न्यायचा, गोल फिरवायचा नाही, असं सोलापूरच्या रंगाऱ्याने सांगितलं होतं. तो सरळ घासू लागला. कागदाखाली कर्र वाजत होतं. ओल्या रंगावर बसलेली त्या संध्याकाळची धूळ होती ती. कुठली असेल? घाटातली लाल, की खालच्या रानातली काळी? शांतलिंग कुठून कुठे गेला हे सांगणारं जगात एवढंच शिल्लक होतं आणि ते काळं पाणी होऊन लिंबाच्या बुडाशी जात होतं. विरुपाक्षला रडू यायला हवं होतं. आला तो राग. तू गेलास, फटफटीवर बसून गेलास, आणि मी इथे तुझ्या बायकोला बापाच्या घरी कसं पाठवायचं याचा विचार करतोय. गावात तुझं नाव घेतात, मला 'शांतलिंगचा भाऊ' म्हणतात, थोरला असून. मेला असशील तर मेलो म्हण. जिवंत असशील तर ये आणि ही टाकी तू घास. हे सगळं तो तोंडाने बोलला की मनात, त्याला कळलं नाही. कागद मात्र जोरात चालत होता. मग त्याने पाणी ओतून फडक्याने टाकी पुसली, वाकून उजेडात तिरकी बघितली, आणि त्याचा हात थांबला. घासलेला सगळा भाग धुरकट झाला होता आणि खळगे तेवढे चकाकत होते. कागद तिथवर पोचला नव्हता, एवढंच कारण. रंगात जे खोल असतं ते तसंच चमकत राहतं, हेही रंगाऱ्याने सांगितलं होतं. पण त्या करड्या टाकीवर ती पाच बोटं आता कधी नव्हती इतकी ठळक दिसत होती. आत्ताच कुणीतरी हात ठेवून गेल्यासारखी. बारीक, निमुळती. आणि ती कुणाची, ते कळायला आता त्याला हात ठेवून बघायची गरजच उरली नाही.

"पाणी ठिवलंय," मागून नागम्मा म्हणाली. थोरल्या दिराशी ती भिंतीकडे तोंड करून बोले, आजही तशीच उभी होती. घागरीच्या काठावर तिचा हात होता. विरुपाक्षने त्याकडे बघायचं टाळलं. "नागम्मा," तो म्हणाला, "ही बोटं शांतलिंगची न्हाईत."

तिने घागरीवरचा हात काढून पदराखाली घेतला. लिंबावर एक कावळा उगीच इकडून तिकडे करत होता. मग ती म्हणाली, "न्हाईत."

"मंग?"

ती आली. पदर सावरला आणि टाकीच्या बाजूला उभी राहून हात ठेवला. दाबावा लागला नाही. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली, अंगठा खाली बसला, आणि तिने लगेच हात मागे घेतला, चटका बसावा तसा. "म्या म्हणलं, रंग तर वाळू द्या, मंग जावा," ती भिंतीकडे बघत सांगू लागली. "ते हासले. म्या टाकी धरली. म्हणले, सोड, हात काळा हुईल. म्या न्हाय सोडली. मंग त्यांनी एकेक बोट काढलं. करंगळीपासनं."

"आनि वरीसभर गप ऱ्हायलीस?"

"काय सांगू? गाडी आली त्या सकाळी आत्याबाई ईभूती घिऊन आल्या. त्यांच्या लेकाचा हात त्यांच्याकडनं काढून घिऊ व्हय म्या? रोज त्या हितं डोळं मिटून हुभ्या ऱ्हातात. म्या चुलीपासनं बघते." ती थांबली. मग वर्षात पहिल्यांदा तिने मान वळवून त्याच्याकडे सरळ पाहिलं. "भाऊजी, ही घासून टाका."

"अव्वा काय म्हनंल?"

"म्हनू द्या. रोज बघून मला वाटतं, म्या अजून धरूनच हुबी हाय. हात अवघडला माजा." एवढं बोलून ती आत गेली. घागर तिथेच राहिली.

अव्वा वर्षभर सुनेच्या बोटांची पूजा करत होती, आणि सून ते चुलीपासून बघत होती. घरात एवढं मोठं काही चाललं होतं आणि त्याला कळलं नव्हतं, त्याने आपला तराजू सांभाळला होता. अव्वाला सांगावं? नको. म्हातारीचा लेक गेला, त्याचा हातही खोटा होता हे कोणत्या तोंडाने सांगायचं? न सांगता खळगे घालवले तर ती त्याला शिव्या देईल, कदाचित जेवणार नाही. हट्टाने बुधवारीही गप्प राहील. म्हणजे नागम्माचं भलं करायला जाऊन तिचीच वाट बंद व्हायची. आणि ठेवले तर? तर ही पोर आळंदला जाऊनसुद्धा इथेच उभी राहील, आणि अव्वाही, आणि संध्याकाळी शेवटची फळी हातात धरून तो स्वतः. त्याने तळव्याच्या तुकड्याला नवा कागद गुंडाळला. पहाटे ओढलेली विभूती कागद टेकवायच्या आधीच पाण्याने वाहून गेली होती.

करंगळी आधी गेली. ती सगळ्यात उथळ होती. चमकणारा ठिपका आक्रसत आक्रसत मोहरीएवढा झाला आणि मग करडा पडला. विरुपाक्षच्या हातावर वजन आलं. खरोखरच आलं, त्याच्या मनगटावर दुसरं मनगट टेकलेलं असावं असं, आणि ते अडवत होतं की रेटत होतं हे त्याला सांगता आलं नसतं. लहानपणी पाटी पुसताना शांतलिंग असाच त्याच्या हातावर हात ठेवायचा, पुसू द्यायचा नाही, कारण पाटीवर त्याने काढलेला बैल असायचा. "दादा, बैल राहू दे." आणि हा पुसायचा, कारण थोरल्याला बेरजा करायच्या असायच्या. करंगळीशेजारचं बोट गेलं. आता मधलं बोट. आता त्याच्या शेजारचं. शांतलिंगनेही असंच एकेक काढलं होतं, हे विरुपाक्षच्या मनात आलं. तेच काम तो त्याच क्रमाने करत होता. तरी हात थांबला नाही. टाकीच्या कडेला काळ्यातून खाकी डोकावली, लष्कराची, लग्नाआधीची. अंगठा तेवढा उरला. त्याला फार वेळ लागला, कारण पोरीने खालून सगळा जोर लावला होता. शेवटी फडक्याने पुसून त्याने टाकी तिरकी बघितली तर ती सगळीकडे सारखी होती, धुरकट, आंधळी. मग त्याने वस्त्रगाळ राख खोबरेलात कालवली आणि फ्लॅनेलच्या तुकड्याने पॉलिश करू लागला. हळूहळू काळं वर आलं. लिंबाची फांदी दिसू लागली, आभाळ दिसू लागलं. काम चांगलं झालं होतं. चांगलं झालंय हे कळून त्याला लाज वाटली, आणि तरी तो घासत राहिला.

अव्वा मठातून आली तेव्हा तो घासतच होता. तिने ओट्यावर पिशवी ठेवली, पायांवर पाणी घेतलं आणि परसात आली. तो बाजूला सरकला. अव्वाने टाकीकडे पाहिलं, मग हात पुढे करून ती जागा चाचपली. सगळा पंजा फिरवला, इकडून तिकडे, कडेपर्यंत. नव्या गुळगुळीत रंगावरून तिचा हात घसरत होता.

"अव्वा," विरुपाक्ष म्हणाला, "ती बोटं शांतलिंगची न्हवती."

"मला सांगतूस?" ती वळलीही नाही. "बसणाऱ्याचा आंगठा आसा खाली पडतो व्हय? बाजूला हुबं ऱ्हाऊन धरल्याला हात व्हता त्यो. आनि तिचा पंजा किती दिस काळा व्हता. राकेलनं घासायची, राखनं घासायची, पदराखाली झाकायची. त्याच हातची भाकर म्या खाल्ली. म्या काय आंधळी हाय?"

चुलीपाशी भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. नागम्मा दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती.

"मंग ईभूती का लावत व्हतीस?" विरुपाक्षने विचारलं. "रोज?"

"तिनं धरल्यालं व्हतं म्हनून." अव्वाचा हात अजून टाकीवर होता. "मला धराया घावला न्हाय. म्या मठात व्हते. हिनं धरला. म्हनलं, हिनं सोडला न्हाय तवर त्यो कुठं जात न्हाय. म्हनून रोज हात जोडायची, बाई सोडू नको, अजून जरा धर." ती थांबली. "तू सोडिवलंस."

विरुपाक्षच्या हातातलं फ्लॅनेल खाली पडलं. अव्वाने टाकीवरचा हात उचलला, तळव्याकडे बघितलं. त्याला तेलाची राख लागली होती. ती पदराला पुसून तिने दाराकडे बघितलं. "नागम्मा," ती म्हणाली, आणि आवाज अगदी रोजचा होता, मीठ मागावं तसा, "बुधवारी बाप यील, त्याला सांग, आत्याबाईनी न्हे म्हणून सांगितलंय. लई झालं. जा बाई तू."

मग ती फटफटीशेजारी जमिनीवर बसली, काळ्या चिखलात, आणि तिने हंबरडा फोडला. त्या घरात मेलेल्यासाठीचं रडणं वर्षभर निघालं नव्हतं. ते असं निघालं की लिंबावरचा कावळा उडाला आणि पलीकडच्या वाड्यातल्या गाईने मान वर केली. "माज्या शांता रं," एवढंच ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा. नागम्मा धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. विरुपाक्ष तसाच उभा राहिला. इतकं मोठं रडणं घाटापर्यंत सहज जाईल, त्याला वाटलं, हद्दीपर्यंत जाईल, जिथे कुठे असेल तिथे त्याला ऐकू जाईल, आणि एवढं ऐकून तरी तो येईल. बाहेर पावलं वाजली. विरुपाक्षने दाराकडे बघितलं. शेजारच्या बायका आत येत होत्या, डोक्यावर पदर घेऊन, बोलावणं यायची वर्षभर वाट बघत असल्यासारख्या, आणि त्यांच्या मागे दुसरं कुणी नव्हतं.